भूशास्त्राच्या विद्यार्थ्याचा हिवाळ्यातील दिवस कसा असतो?

मी पुण्यात भूशास्त्रात एम.एस्सी. करत आहे, त्यामुळे आपल्या प्रश्नाचे माझे उत्तर दख्खनच्या बसाल्टपुरते, म्हणजे लाव्हा थंड होऊन बनलेल्या इथल्या काळ्या खडकापुरते आहे. आमच्या क्षेत्रकामाचा खरा हंगाम हिवाळा हाच; पावसाळ्यात कातळ शेवाळाखाली आणि गवताखाली दडलेला असतो, तर एप्रिलनंतर दुपारी त्याला हात लावणेही नकोसे होते.

सकाळी हातोडा, कंपास, भिंग आणि नोंदवही घेऊन आम्ही बहुधा पुण्याजवळचा दिवे घाट गाठतो. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने सह्याद्रीतील लाव्हाप्रवाहांच्या एका गटाला याच घाटाचे नाव दिले आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या या थरांत एक प्रवाह कुठे संपला आणि दुसरा कुठे सुरू झाला, हे ठरवण्यातच दिवसाचा मोठा भाग जातो. लांबून सगळा डोंगर एकसारखा काळा दिसतो. जवळ गेल्यावर मात्र प्रवाहाच्या माथ्याकडे वायूच्या बुडबुड्यांनी पडलेल्या आणि पुढे झिओलाइट या खनिजाने भरलेल्या पोकळ्यांची दाटी आढळते, मधला भाग घट्ट असतो आणि तळाशी कधीकधी नळीसारख्या पोकळ्या दिसतात, ज्यांच्या कलावरून लाव्हा कोणत्या दिशेने वाहत होता याचा अंदाज बांधता येतो. दोन प्रवाहांमध्ये विटकरी रंगाचा मातकट थर सापडला की मला मनापासून आनंद होतो, कारण खालचा प्रवाह थंड होऊन झिजण्याइतका काळ मध्ये गेला असावा, असे तो थर सुचवतो. त्याची जाडी आणि समुद्रसपाटीपासूनची उंची नोंदवून आम्ही तिथेच रेखाचित्र काढतो. केवळ छायाचित्रावर भागवू नये, असे माझे ठाम मत आहे. चित्र काढताना सीमारेषा नेमकी कुठे ओढायची याचा निर्णय घ्यावाच लागतो, आणि तो घेण्यासाठी खडक पुन्हा पाहावा लागतो.

दुपारी उन्हातच डबा खाऊन, नमुन्यांवर क्रमांक घालून आम्ही परततो. संध्याकाळ प्रयोगशाळेत जाते. आधी कापून काचपट्टीवर चिकटवलेली खडकाची चकती कार्बोरंडम या अतिशय कठीण पदार्थाच्या भुकटीवर घासत ०.०३ मिलिमीटरपर्यंत पातळ करायची असते. ध्रुवित (एकाच प्रतलात कंप पावणाऱ्या) प्रकाशात प्लॅजिओक्लेज या खनिजाचे स्फटिक पिवळसर दिसले, तर ही चकती अजून जाड आहे असे समजून पुन्हा घासायला बसावे लागते. ते करडे-पांढरे आणि पट्टेदार दिसू लागले की शेजारच्या ऑगाइट या दुसऱ्या खनिजाचे रंगही नीट ओळखता येतात आणि सूक्ष्मदर्शकाखालच्या वर्णनाला सुरुवात करता येते.