रिमोट डेस्कटॉपवर काळा पडदा

प्रश्न : ऑफिसचं उबुंटू मशीन हिंजवडीत, मी कोथरूडला. घरून एक्सआरडीपीने (लिनक्स मशीनचा डेस्कटॉप दुरून वापरू देणारा प्रोग्राम) लॉगिन होतं, पण पडदा काळाच राहतो. काय करू?

उत्तर : बहुतेक वेळा त्याच युजरचं सेशन ऑफिसच्या मॉनिटरवर चालूच राहिलेलं असतं. ग्नोमला, म्हणजे उबुंटूच्या नेहमीच्या डेस्कटॉपला, एका युजरची दोन ग्राफिकल सेशन्स झेपत नाहीत. निघताना स्क्रीन लॉक करून भागत नाही, लॉगआउटच करा. आत्ता घरीच अडकला असाल तर एसएसएचने (दूरच्या मशीनवर कमांड चालवायची सुरक्षित वाट) शिरा, ‘लॉगिनसीटीएल’ (loginctl) या कमांडने सेशनची यादी काढा आणि जुनं बंद करा, सेव्ह न केलेलं काम मात्र जाईल.

आणि कृपा करून रिमोट डेस्कटॉपचा ३३८९ पोर्ट इंटरनेटवर उघडा ठेवू नका! एसएसएच टनेलने (एसएसएचमधूनच जाणारी बंदिस्त जोडणी) घरच्या मशीनचा ३३९० पोर्ट ऑफिसच्या ३३८९ला जोडा, रेमिनात (घरच्या मशीनवरचं रिमोट डेस्कटॉप ॲप) ‘लोकलहोस्ट:३३९०’ हा पत्ता द्या. नेट रखडत असेल तर रंग १६ बिटवर आणा.