आजोबांच्या स्मरणसभेत नातवाने काय बोलावं?

तुम्ही लिहिलंय की आजोबा गेले, येत्या रविवारी चर्चमध्ये त्यांची स्मरणसभा आहे, नातवंडांतर्फे पाच मिनिटं बोलायचंय आणि "कुटुंब, मंडळी आणि समाज यांना वाहिलेलं आयुष्य" एवढं एक वाक्य सोडून काहीच सुचत नाहीये.

ते वाक्य आधी खोडा. खरंच. ते पत्रिकेवर छापून येणारच आहे, पाळकसाहेब तेच बोलणार, कमिटीचे सेक्रेटरीपण तेच बोलणार आणि शेवटी कुणीतरी पोकळी निर्माण झाली म्हणणारच. तुम्ही आजोबांना घरात बनियनवर बघितलंय, ते काही या लोकांनी बघितलेलं नाही, तेव्हा तिथून सुरू करा.

माझ्या आजोबांचं सांगतो. त्यांना आम्ही अण्णा म्हणायचो, अख्खी गल्लीच म्हणायची. जन्म नाशिकमधल्या शरणपूरचा, नोकरी नाशिकरोडला नोट प्रेसमध्ये, राहायला नेहरूनगरचं क्वार्टर, आणि रविवारी सायकल काढून परत शरणपूरला उपासनेला, कारण नाशिकरोडला चर्च असलं तरी "आपली मंडळी ती आपली मंडळी", मंडळी म्हणजे एका चर्चचे सगळे लोक. आता नोट प्रेसमध्ये काय असतं की एकेक शीट मोजून घ्यायचं, मोजून द्यायचं, मेळ लागला नाही तर कुणी घरी जायचं नाही आणि बाहेर पडताना झडती. ही सवय अण्णांनी जशीच्या तशी चर्चमध्ये आणली. खजिनदार होते ना, बरीच वर्षं. उपासना संपली की मागच्या खोलीत टेबलावर अर्पणाच्या थैल्या उलट्या करायच्या, चुरगळलेल्या नोटा तळहाताने सपाट करायच्या, सगळ्या एका तोंडाने लावायच्या, नाण्यांच्या दहा-दहाच्या चवडी, आणि एकट्याने मोजायचं नाही म्हणजे नाही, समोर दुसरा माणूस पाहिजेच. एकदा दोन रुपये कमी भरले. दोन रुपये! घरी मटण शिजून गार झालेलं, आजीने मला दोनदा पिटाळलं बोलवायला, आणि अण्णा टेबलाखाली वाकून बघतायत. समोरचे काका म्हणाले की अण्णा मी टाकतो खिशातले, सोडा ना. तर अण्णा म्हणाले, "तुझे कशाला, ज्याने टाकले त्याचे सापडले पाहिजेत." शेवटी ते नाणं मखमली थैलीच्या उसवलेल्या शिवणीत निघालं. मग ती थैली घरी आली आणि आजीनेच ती शिवली, बडबडत बडबडत.

आमच्या स्मरणसभेत माझ्या आत्याने नेमकं हेच सांगितलं आणि अख्खं चर्च हसलं, ते काका तर डोळे पुसत हसत होते. प्रामाणिक होते असं तिने एकदाही म्हटलं नाही.

दुसरी गोष्ट सुतळीची. मंडळीत कुणी गेलं की पहिला निरोप पाळकांना आणि दुसरा अण्णांना. अण्णा खिशात सुतळी घेऊन जायचे, डोक्यापासून पायापर्यंत माप घ्यायचे, गाठ मारायचे, खांद्याजवळ आडवं माप घेऊन दुसरी गाठ, आणि ती सुतळी शवपेटी बनवणाऱ्या सुतारचाचांकडे. मग खड्डा खणणारी माणसं, दफनभूमीतली जागा, फुलं, गाडी, आणि घरच्यांनी सकाळपासून चहासुद्धा घेतला नसेल तर त्यांना चहा. शेवटचं हे कुणाच्याच लक्षात राहत नाही, अण्णांच्या राहायचं. अण्णा गेले तेव्हा चाचांनी माप घ्यायला कुणाला पाठवूच दिलं नाही, म्हणे अण्णांचं माप मला बघून माहितीय. पैसे मात्र पूर्ण घेतले. "त्यांनी कधी एक रुपया कमी करू दिला नाही, आज सोडले तर रागावतील." मला हे फार आवडलं, तेव्हापण आणि आत्तापण.

तर असं एखादं काम शोधा जे ते हाताने करायचे, आणि ते कसं करायचे ते नीट सांगा. खुर्च्या लावायचे, पेटी वाजवायचे, लोकांचे अर्ज लिहून द्यायचे, काहीही असू दे. त्यांनी भूषवलेल्या पदांची यादी नको. सेक्रेटरी वाचेल की ती.

अजून एक, ते परत परत कोणती गोष्ट सांगायचे ते आठवा. प्रत्येक आजोबांची एक असते, जी सुरू झाली की पोरं हळूच उठून पळतात. अण्णांची होती जेकब वेनराइटची. शरणपूर ही वस्ती मिशनने एकोणिसाव्या शतकात वसवली आणि तिथे गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेल्या आफ्रिकन पोरांना पण आणून ठेवलं होतं, शाळा होती, हातकाम शिकवायचे. जेकब त्यांच्यातलाच. पुढे तो आफ्रिकेत डेव्हिड लिव्हिंगस्टनला, म्हणजे त्या नावाजलेल्या मिशनरी आणि प्रवाशाला, जाऊन मिळाला, आणि १८७३ मध्ये लिव्हिंगस्टन आत्ताच्या झांबियात वारला तेव्हा त्याचं हृदय झाडाखाली पुरलं, त्या वेळी दफनाची प्रार्थना वाचली ती जेकबने आणि झाडावर नाव कोरलं तेपण त्यानेच. मग सगळ्यांनी मिळून ते शव महिनोन्महिने चालत किनाऱ्यापर्यंत नेलं, आणि १८७४ ला लंडनला वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये दफन झालं तेव्हा पेटीला खांदा देणाऱ्यांत जेकब होता. अण्णा हे सांगताना "आपल्या शरणपूरचा पोरगा" असं म्हणायचे, जसं काही मागच्या आळीत राहत होता. मला लहानपणी वाटायचं थापा मारतात. पण खरं आहे सगळं. आणि सुतळी घेऊन लोकांच्या घरी जाणाऱ्या माणसाला हीच गोष्ट का आवडावी हे मी सभेत बोलताना काही समजावून वगैरे सांगितलं नाही, नुसती गोष्ट सांगितली, लोकांना कळलं.

आता अवघड भाग. मंडळीसाठी आणि समाजासाठी राबणाऱ्या माणसाच्या घरच्यांना विचारा ना काय असतं ते. नाताळच्या आधीचा आठवडा म्हणजे आजी एकटी करंज्या, चकल्या, शंकरपाळ्या करतेय, घराला चुना द्यायचा राहिलाय आणि अण्णा चर्चच्या छपरावर चांदणी लावतायत, तिथून पोरांबरोबर घरोघरी नाताळची गाणी म्हणायला, म्हणजे कॅरलला, घरी यायला रात्रीचे दोन. फेब्रुवारीत बाळ येशूची यात्रा असते आमच्या नाशिकरोडला, ती कॅथलिकांची, आम्ही सीएनआयवाले, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे प्रोटेस्टंट, तरी हे तिथेपण पाणी वाटायला. २००८ च्या गोदावरीच्या पुरात वय झालेलं असताना खिचडीची पातेली उचलत होते, तेव्हा आजीने तीन दिवस बोलणं टाकलं होतं. ती म्हणायची, "सगळ्या गावाला अण्णा मिळाले, मला तेवढे उरलेसुरले." हे सभेत सांगावं का? माझं मत, सांगावं, पण आजीला आधी विचारून. मी विचारलं तर म्हणाली सांग की, मी काय खोटं बोलले का, आणि वर म्हणाली की हेपण सांग, मी आजारी होते तेव्हा त्यांनी महिनाभर चर्चची किल्ली दुसऱ्याकडे दिली होती. ते तर आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. म्हणून विचारा. घरात विचारा, चर्चच्या शिपायाला विचारा, महिला मंडळातल्या म्हाताऱ्या बायांना विचारा, त्यांच्याकडे जे मिळतं ते कमिटीकडे मिळत नाही.

आणि त्यांचं बायबल उघडा. पहिल्या कोऱ्या पानावर बहुतेक घरात जन्म, बाप्तिस्मे, लग्नं, मृत्यू लिहिलेले असतात. अण्णांच्या बायबलात त्याखाली १९७० च्या २९ नोव्हेंबरची पण नोंद होती, नागपूरला सहा चर्चेस एकत्र येऊन सीएनआय झालं तो दिवस, घरातलं बारसं असल्यासारखी लिहिलेली. सभेत वचन वाचायचंच असेल तर त्यांनी पेनाने खूण केलेलं वाचा, स्तोत्र २३ सगळेच वाचतात.

गाण्याचं पण तसंच. लोक रेव्हरंड ना. वा. टिळकांचं एखादं गीत ठरवतात, ठीक आहे, टिळकांची गीतं आपली आहेतच, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईपण इथल्याच, नाशिकजवळच्या जलालपूरच्या. पण तुमचे आजोबा आंघोळ करताना काय म्हणायचे? तेच घ्या, पेटीवाल्याला शनिवारीच सांगून ठेवा, आयत्या वेळी त्याला सूर सापडत नाही.

बाकी लिहून न्या, मोठ्या अक्षरात, कागदावर. मोबाईलवरून वाचू नका, नेमका तेव्हाच कुणाचा तरी फोन येतो. रडू आलं तर थांबा, कुणाला घाई नसते. पाच मिनिटं म्हणजे साधारण दीड-दोन पानं होतात, त्यामुळे मी वर सांगितलेलं सगळं त्यात बसणार नाही, एक काम आणि एक तक्रार घेतली तरी पुष्कळ. आणि सूत्रसंचालन करणाऱ्याला सांगा की तुमचं नाव पाळकांच्या संदेशाच्या आधी घ्या. नंतर घेतलं की लोकांचं लक्ष जेवणाकडे गेलेलं असतं.