लॅपटॉप ८-१० वर्षं चालवायचा असेल तर

प्रोसेसर कुठला घेऊ, हे तू तीनदा विचारलंस. अरे, प्रोसेसर सहसा मरत नाही. आधी जातं ते बिजागर. माझ्या जुन्या लॅपटॉपचे बिजागराचे स्क्रू ज्या पितळी नटांत बसतात, ते चौथ्या वर्षी प्लास्टिकमधून उपटून आले आणि झाकणाचा कोपराच फाटला. म्हणून दुकानात झाकण एका कोपऱ्याला धरून उघडून बघ. पडदा पिळवटला तर सरळ पुढचं मॉडेल.

मग विचार, रॅम (चालू कामाची मेमरी) बदलता येते का? नुसत्या मालिकेच्या नावावर जाऊ नकोस. लेनोवोच्या थिंकपॅड मालिकेतल्या टी१४एसची रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली असते, म्हणजे पुढे वाढवायची सोय नाही. तिथे पहिल्यापासून १६ जीबी तरी घे.

दिवसभर चार्जर लावून बसणार असशील तर चार्जिंगची मर्यादा ८० टक्क्यांवर ठेव. टचपॅड वर उचलल्यासारखा वाटला तर बॅटरी फुगली असणार, त्याच दिवशी वापर थांबव.

आणि गादीवर ठेवून वापरू नकोस, हवेची भोकं बुजतात. वर्षातून एकदा पंख्यामागच्या जाळीत साचलेला धुळीचा नमदा काढ. हवा मारताना पाती बोटाने धरून ठेव.