प्रश्न वाचकांचे : किटकॅट फ्यूजचा जुना बोर्ड आणि नवा गिझर

प्रश्न : आमचे घर वडिलांनी 1978 साली बांधले. भिंती मातीच्या, वर मंगळुरी कौले. वीज त्याच वर्षी घेतली. सोप्यात दारामागे लाकडी फळीवर मीटर, लोखंडी मेन स्विच आणि चिनी मातीचे सहा किटकॅट फ्यूज आहेत, एकेका लाइनला दोन-दोन. यंदा न्हाणीत दोन किलोवॅटचा गिझर बसवला. तेव्हापासून सकाळी बोर्डाजवळ जळकट वास येतो आणि गिझर लावला की दिवे मंद होतात. गावातील वायरमन म्हणतात, किटकॅट काढून एमसीबी (भार वाढला की आपोआप पडणारा स्विच) घाला, काळजी मिटेल. मुलगा म्हणतो, सगळे वायरिंगच नवे करा. एवढा खर्च आवश्यक आहे का? पावसाळ्यात भिंतीला ओल असते, तेव्हा न्हाणीच्या नळाला हात लावला की बारीक झिणझिण्याही येतात.
– एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर : आपल्या पत्रातील सर्वांत गंभीर गोष्ट आपण शेवटी, जाता जाता लिहिली आहे. हे उत्तर वाचून होताच गिझरची लाइन बंद करा आणि वायरमनकडून तपासणी होईपर्यंत पाणी चुलीवर किंवा गॅसवर तापवा. नळाला झिणझिण्या येतात याचा अर्थ वीज कोठून तरी, गिझरच्या कॉइलमधून किंवा ओल्या भिंतीतील तारेतून, पाइपात उतरते आहे आणि तिला जमिनीत जाण्यासाठी अर्थिंगची चांगली वाट मिळत नाही. म्हणून ती आपल्या हातातून वाट काढते.

येथे फ्यूज का उडत नाही, हे समजून घेतले तर वायरमनच्या सल्ल्याची मर्यादा आपोआप लक्षात येईल. सुमारे 30 मिलिअँपिअर, म्हणजे 1 अँपिअरचा तेहतिसावा भाग, एवढा प्रवाह शरीरातून थोडा वेळ वाहिला तरी जीव जाऊ शकतो. 5 अँपिअरच्या फ्यूजला त्याचा पत्ताही लागत नाही आणि 16 अँपिअरच्या एमसीबीलाही लागत नाही, कारण ही दोन्ही साधने तारेला जळण्यापासून वाचवण्यासाठी आहेत. माणसासाठी असते ती आरसीसीबी. फेजमधून गेलेली वीज न्यूट्रलमधून पूर्ण परत येते की नाही यावर ती लक्ष ठेवते, आणि 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी तेवढी तूट दिसताच 0.3 सेकंदाच्या आत पुरवठा तोडते. आपल्या बोर्डात प्रथम हवी ती ही, आणि तिच्या आधी चांगले अर्थिंग.

आता किटकॅटविषयी. एकेका लाइनला दोन फ्यूज असल्याचे आपण लिहिले आहे. याचा अर्थ जुन्या पद्धतीप्रमाणे फेजवर एक आणि न्यूट्रलवर एक फ्यूज आहे. ही रचना फसवी आहे. न्यूट्रलचा फ्यूज उडाला की दिवा विझतो, घरातील माणूस लाइट गेली असे समजून होल्डरला हात घालतो, आणि फेज मात्र तेथवर जिवंतच असते. न्यूट्रलवर फ्यूज मुळीच नसावा. दुसरे, किटकॅटच्या पकडीत सध्या कोणती तार आहे, हे मेन स्विच बंद करून वायरमनला पाहायला सांगा. आपल्याकडे फ्यूज-वायर हाताशी नसली की वायरच्या तुकड्यातून तांब्याची तार सोलून गुंडाळण्याची सवय घरोघरी आहे, आणि मीही ती तरुणपणी केली आहे. 1 मिलिमीटर जाडीची तांब्याची तार वितळण्यास सुमारे 80 अँपिअर लागतात. तोवर भिंतीतील वायरिंग कधीच पेटलेले असेल.

जळकट वासाचे कारण बहुधा सैल जोड हे आहे. 2,000 वॅटचा गिझर 230 व्होल्टवर जवळजवळ 9 अँपिअर घेतो. किटकॅटची पितळी पकड काळवंडून तेथे केवळ दशांश ओहम अवरोध निर्माण झाला, तरी त्या एका ठिपक्यावर 8 वॅट उष्णता साठत राहते. पकड आणखी ढिली झाली की ती दुपटी-तिपटीने वाढते. रेडिओ दुरुस्तीचे लहान सोल्डरिंग आयर्न 25 वॅटचे असते, हे लक्षात घेतले म्हणजे फळीला चटका का बसतो ते कळेल. त्या काळात घरगुती वायरिंगला अॅल्युमिनियमची तार सर्रास वापरत. अॅल्युमिनियम स्क्रूखाली दबून हळूहळू सैल होते आणि त्यावर ऑक्साइडचा थर चढतो, तेव्हा आपल्या तारा कोणत्या आहेत तेही पाहावे. दिवे मंद होतात त्याच वेळी शेजाऱ्यांचेही होत असतील, तर दोष बाहेरच्या लाइनचा आहे आणि तक्रार वीज कंपनीकडे, म्हणजे हेस्कॉमकडे, करावी. केवळ आपलेच होत असतील, तर दोष आपल्या जोडांत किंवा बारीक तारेत आहे.

सगळे वायरिंग बदलावे का, याचे उत्तर बोर्डाच्या वयावरून देता येत नाही. ते मेगरवरून, म्हणजे तारेच्या आवरणाचा (इन्सुलेशनचा) अवरोध मोजणाऱ्या यंत्रावरून, द्यावे लागते. परवानाधारक कंत्राटदाराकडून, सर्व उपकरणे काढून, 500 व्होल्टच्या मेगरने प्रत्येक लाइनचे इन्सुलेशन मोजून घ्या. आकडा 1 मेगओहमच्या खाली आला तर ती लाइन बदलावीच लागेल, आणि वर आला तर दिवा-पंख्याची जुनी लाइन आणखी काही वर्षे चालू शकेल. मात्र मोजणीची वेळ महत्त्वाची आहे. खानापूरच्या पावसात मातीची भिंत महिनोन्महिने ओली असते आणि उन्हाळ्यात जमीन ठणठणीत कोरडी होते. म्हणून इन्सुलेशन आषाढात तपासावे आणि अर्थिंग वैशाखात. उलट केले तर दोन्ही आकडे उत्तम येतील आणि दोन्ही फसवतील.

खर्च एकदम झेपत नसेल तर क्रम असा ठेवावा : अर्थिंगचा नवा खड्डा, आरसीसीबी आणि नवा डिस्ट्रिब्यूशन बोर्ड हे या महिन्यात, त्याबरोबरच गिझरसाठी बोर्डापासून थेट 2.5 चौरस मिलिमीटर तांब्याची, अर्थिंगच्या तारेसह स्वतंत्र लाइन आणि तिला 16 अँपिअरची दुहेरी (फेज आणि न्यूट्रल एकदम तोडणारी) एमसीबी. दिव्यांच्या लाइनला 10 अँपिअरपेक्षा मोठी एमसीबी घालू देऊ नका, आणि मेगरने नापास केलेल्या लाइन दिवाळीपर्यंत बदला. एक इशारा देऊन ठेवतो. जुन्या घरांत दोन लाइनचे न्यूट्रल कोठेतरी एकत्र बांधलेले असतात, त्यामुळे नवी आरसीसीबी वारंवार पडते आणि वायरमन कंटाळून तिला वळसा घालून मोकळे होतात. तसे करू देऊ नये. न्यूट्रल वेगळे करून घ्यावेत, मग वेळ लागला तरी चालेल.

मेन स्विच बंद केला तरी त्याच्याकडे मीटरवरून येणारी तार जिवंत असते, तेथे कोणी हात घालू नये. मीटरचे सील तोडण्याचा अधिकार आपल्याला नाही; त्या बाजूचे काम हेस्कॉमकडून (जुनी मंडळी अजून केईबीच म्हणतात) अर्ज देऊन करून घ्यावे आणि त्याच अर्जात गिझर धरून मंजूर भार वाढवून मागावा. सध्याचा भार बिलावर असतो. बिलातील कानडी वाचता येत नसेल, तर शेजारच्या शाळकरी मुलाला दाखवा.

प्रश्न : आमच्या फ्लॅटमधील 16 अँपिअरची एमसीबी इस्त्री आणि ओव्हन एकाच वेळी लावले की दहा-पंधरा मिनिटांनी पडते. इलेक्ट्रिशियन 32 अँपिअरची घालतो म्हणतात. घालावी का?
– एक वाचक, निपाणी

उत्तर : घालू नये. काही मिनिटांनी पडणारी एमसीबी भार जास्त झाल्याचे सांगत असते. बटण दाबताक्षणी पडणारी शॉर्टसर्किटचे. आपली पहिल्या प्रकारची आहे, म्हणजे ती आपले काम चोख करते आहे. 2.5 चौरस मिलिमीटरच्या तारेवर 32 अँपिअरची एमसीबी घातली, तर तिच्याआधी तारच तापेल. ओव्हनसाठी वेगळी लाइन ओढून घ्यावी, आणि तोवर इस्त्री ओव्हन बंद झाल्यावर करावी. तारेचा आकार तिच्या आवरणावर छापलेला असतो. बोर्ड उघडलाच आहे तर स्क्रूजवळचे आवरण कडक किंवा तपकिरी झाले आहे का, तेही इलेक्ट्रिशियनला पाहायला सांगा. झाले असेल तर तेवढा भाग कापून तार नव्याने घट्ट बसवून घ्यावी.