कॉपरबँड खाण्याला तोंडच लावत नाही, काय करू?

प्रश्न: दोन महिन्यांपूर्वी २०० लिटरचा सॉल्टवॉटर टँक लावलाय, दोन क्लाउनफिश आणि एक यलो टँग एकदम मजेत आहेत. आता कॉपरबँड बटरफ्लायफिश आणला तर तो चार दिवस दगडामागेच लपून आहे, फ्लेक्स टाका, पेलेट टाका, ढुंकूनही बघत नाही. काय करू? आणि पुढे शेवरॉन बटरफ्लाय पण घ्यायचाय, चालेल का?

उत्तर: पहिलं म्हणजे फ्लेक्स-पेलेटच्या नादी आत्ता लागू नका. कॉपरबँडचं ते लांब निमुळतं तोंड खडकाच्या फटीतले किडे आणि बारीक जीव ओढून काढायला बनलंय, वरून पडणारी कोरडी गोळी म्हणजे खाणं हे त्याला कळतच नाही. फ्रोजन मायसिस, ब्राइन श्रिम्प (दोन्ही कोळंबीसारखे बारीक जीव) द्या, आणि माझा सगळ्यात जास्त भरवसा ताज्या शिंपल्यावर, तो उघडून खडकाच्या आडोशाला ठेवायचा, बरेच हट्टी कॉपरबँड त्यालाच टोचायला लागतात. दोन तासांत नाही खाल्ला तर बाहेर काढा नाहीतर पाणी बिघडेल. थोडंथोडं, दिवसातून तीनदा.

पण मला खरी शंका टँगची आहे. तो आधीपासून आहे, टँक त्याचा झालाय, आणि नवीन आलेल्याला शेपटीजवळच्या काट्याने मारायला तो कमी करत नाही. काही दिवस मध्ये जाळीचं पार्टिशन टाका, लपणं कमी झालं तर कारण सापडलंच म्हणायचं.

अमोनिया आणि नायट्राइट आजच टेस्ट करा, दोन्ही शून्यच हवेत. आणि स्पष्ट सांगतो, हा टँक त्याच्यासाठी लहान पण आहे आणि कोवळा पण, मासा २० सेंटीमीटरपर्यंत वाढतो, त्याला ४५०-५०० लिटर आणि सहा-आठ महिने मुरलेला लाइव्ह रॉक (बारीक जीव वस्तीला असलेला समुद्री खडक) लागतो ज्यात त्याला दिवसभर चरता येईल. डोक्यामागचा भाग किंवा पोट खपाटीला गेलेलं दिसलं तर वाट बघू नका, दुकानदार परत घेत असेल तर देऊन टाका, माशाचा जीव महत्त्वाचा.

शेवरॉन मात्र अजिबात नको! तो जवळपास फक्त अॅक्रोपोरा कोरलचे पॉलिप (ज्यांनी कोरल बनतं ते बारीक जीव) खातो, समोर मायसिसचा ढीग असला तरी उपाशी मरतो. ऑर्नेट आणि मेयर्स या बटरफ्लायफिशचं पण तेच, दिसायला कितीही देखणे असोत. मोठा टँक झाला की ऑरिगा, रॅकून किंवा क्लाइन्स बघा, हे खाण्याच्या बाबतीत बरेच सोपे, फक्त कोरलला तोंड मारतात म्हणून नुसत्या माशांच्या टँकमध्येच. कोरल ठेवायचे असतील तर पिरॅमिड, तो पाण्यातला प्लँक्टन खाणारा आहे. कुठलाही घ्या, दुकानात आपल्या डोळ्यांसमोर खायला घालून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

अंगावर पांढरे ठिपके दिसले तर मेन टँकमध्ये कॉपरचं औषध ओतू नका, कोळंबी-गोगलगायी मरतील आणि बटरफ्लायफिशलाही ते जड जातं. वेगळ्या टँकमध्ये, टेस्ट किटने मोजत, हळूहळू डोस वाढवायचा.