प्रॅक्टिस करणाऱ्या पशुवैद्यकाने अद्ययावत कसे राहावे? कंपन्यांचे सेमिनार आणि वेबिनार पुरेसे आहेत का?

दिवसभर गोठे फिरण्यात जातो, वाचायला सवड मिळत नाही, तेव्हा औषध कंपन्यांचे सेमिनार आणि मोबाइलवरचे वेबिनार एवढ्यावर भागेल का, असे तुम्ही विचारले आहे. भागणार नाही. वेबिनारचे एक वेळ सोडा, पण कंपनीच्या सेमिनारवर विसंबून कोणी मोठ्या जनावरांची प्रॅक्टिस करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. हे मत माझे कसे झाले ते सांगितल्याशिवाय तुम्हाला ते पटणार नाही.

काही वर्षांपूर्वी एका कंपनीने इंदूर, सांवेर, देपालपूर आणि महू भागातल्या आम्हा डॉक्टरांना शहरातल्या एका हॉटेलात संध्याकाळी बोलावले होते. विषय दुभत्या जनावरांतील ताप आणि वेदना हा होता, आणि व्याख्यान ज्या इंजेक्शनभोवती फिरत होते त्यात अ‍ॅसिक्लोफिनॅक होते. डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक टोचलेल्या जनावरांची शवे खाऊन गिधाडे मरतात म्हणून त्यावर जनावरांसाठी २००६ मध्येच बंदी आली होती आणि त्याची जागा घेणारे ‘सुरक्षित’ औषध म्हणून हे आमच्यापुढे ठेवले जात होते. गायीच्या शरीरात अ‍ॅसिक्लोफिनॅकचे रूपांतर डायक्लोफिनॅकमध्येच होते, हे दाखवणारे संशोधन २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेले होते आणि मी ते वाचलेले होते. म्हणून मी उठून विचारले की पुढच्या दाराने हाकललेले औषध मागच्या दाराने आत येत असेल, तर आपण बदलले काय? वक्त्याने ‘टेक्निकल टीमला विचारून कळवतो’ असे सांगितले. ते कधीच कळले नाही, पण माझी तक्रार त्याबद्दल नाही.

पहिल्या रांगेत आमच्याच मराठी मंडळींतले एक ज्येष्ठ डॉक्टर बसले होते. त्यांना आम्ही सगळे सर म्हणतो. ते मागे वळून म्हणाले, “डॉक्टर, तुमची प्रॅक्टिस म्हशींची आहे की गिधाडांची?” सगळे सभागृह हसले, कंपनीचा विक्री प्रतिनिधी सर्वांत मोठ्याने हसला. त्यानंतर सरांनी, सकाळी म्हैस उठून चाऱ्याला लागली पाहिजे एवढेच गोठेवाल्याला कळते आणि तीस वर्षे आपण तेच करत आलो आहोत, असे सांगून विषय संपवला आणि मंडळी जेवायला उठली.

हे बोलणारा माणूस सामान्य असता तर मी विसरूनही गेलो असतो. परंतु म्हशीच्या गर्भाशयाला पीळ पडला असता, बाजूवर पाडलेल्या जनावराच्या पोटावर फळी ठेवून, फळीवर एक माणूस उभा करून, म्हशीला कोणत्या बाजूने आणि किती वेगाने लोळवायचे हे सरांइतके अचूक सांगणारा डॉक्टर मी या भागात दुसरा पाहिलेला नाही. हात आत घालून पीळ उजवा की डावा हे ते क्षणात सांगत असत. ज्याच्याकडून आपण हे शिकलो त्यानेच चारचौघांत वाचनाची टिंगल करावी, हे मला लागले, आणि मग आमचा वाद औषधाच्या दुकानात, लग्नाच्या पंगतीत, जिथे भेट होईल तिथे चालू राहिला.

त्यांचे म्हणणे असे की जनावर मेल्यावर डॉक्टरची जबाबदारी संपते. माझे म्हणणे असे की मरणाच्या आदल्या दिवशी दिलेले इंजेक्शन जनावराबरोबर मरत नाही. ते शव गिधाडांनी खाल्ले की त्यांची मूत्रपिंडे निकामी होतात, रक्तातले यूरिक आम्ल वाढते आणि यकृतावर, हृदयावर त्याचा पांढरा थर चढतो. एकदा दुकानात मी सरांना मोबाइलवर अशा शवविच्छेदनाचे छायाचित्र दाखवले. त्यांनी चष्मा लावला, फोन दूर धरून बराच वेळ पाहिले आणि “हे चुन्याचे फोटो मला दाखवू नका” म्हणून फोन परत केला.

एका डॉक्टरच्या पिशवीतल्या बाटलीने काय बिघडते, असेही ते म्हणत. याचे उत्तर २००४ च्या संशोधनातच होते. शंभर शवांमागे एका शवातही डायक्लोफिनॅक नसेल, इतके कमी प्रमाण गिधाडांची एवढी घट व्हायला पुरेसे ठरते, असे तेव्हाच्या गणिताने दाखवले होते. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची भारतातली संख्या १९९२ ते २००७ या काळात ९९ टक्क्यांहून अधिक घटली, ती सगळ्याच डॉक्टरांनी सगळ्याच जनावरांना डायक्लोफिनॅक टोचले म्हणून नव्हे. देवगुराडियाच्या टेकडीकडे गिधाडे पाहिलेली माणसे इंदुरात अजून आहेत, त्यांना हे आकडे सांगावे लागत नाहीत.

जुलै २०२३ मध्ये केंद्र सरकारने जनावरांसाठी अ‍ॅसिक्लोफिनॅक आणि किटोप्रोफेन या दोन्ही वेदनाशामकांवर बंदी घातली. २०२४ च्या अखेरीस निमेसुलाइडही गेले. त्यानंतर सर भेटले तेव्हा म्हणाले, “सरकारने सांगितले, आम्ही बंद केले. झाले?” नाही, सर, झाले नाही. अ‍ॅसिक्लोफिनॅकचे संशोधन आणि त्याची अधिसूचना यांत सात वर्षे गेली; किटोप्रोफेन गिधाडांना मारते हे तर २०१० मध्येच छापून आले होते. मेलॉक्सिकॅम हे वेदनाशामक गिधाडांना सुरक्षित आहे हे २००६ पासून ठाऊक होते आणि ते स्वस्तात मिळतही होते. अलीकडे टॉल्फेनॅमिक अ‍ॅसिडही सुरक्षित ठरले आहे. मधल्या वर्षांत काय टोचायचे हे राजपत्र सांगत नाही आणि ज्याला बाटली विकायची आहे तोही सांगत नाही. शिक्षण चालू ठेवायचे ते नेमके या मधल्या वर्षांसाठी.

जनावरांच्या अंगावर गाठी आणणाऱ्या लम्पीचेही तेच झाले. हा रोग २०१९ मध्ये ओडिशात आढळला होता. २०२२ मध्ये तो गुजरात-राजस्थानातून आपल्या पश्चिम मध्य प्रदेशात पसरला, तेव्हा अनेकांनी त्याचे नाव पहिल्यांदा ऐकले, आणि शेळ्यांच्या देवीची लस गायींना का द्यायची हे गोठेवाल्यांना समजावताना त्यांची तारांबळ उडाली. हे दोन्ही विषाणू एकाच गटातले आहेत, एवढे वाचलेले असते तरी अर्धे काम सोपे झाले असते.

आता तुमच्या प्रश्नाकडे येतो. एमएसडी व्हेटरिनरी मॅन्युअल हा पशुवैद्यकीय संदर्भग्रंथ इंटरनेटवर फुकट आहे. रोज झोपण्यापूर्वी त्या दिवशी अडलेल्या एका केसपुरते तेवढे वाचावे. बंगळुरूच्या निवेदी या संस्थेकडून रोगांची जिल्हावार पूर्वसूचना मिळते, ती पाहण्याची सवय ठेवावी. जुलै २०१९ मध्ये दुधा-मांसाच्या जनावरांसाठी कोलिस्टिन या अँटिबायोटिकवर बंदी आली, तशा अधिसूचना दुकानदाराच्या तोंडून कळण्याची वाट पाहू नये. आसपासच्या चार डॉक्टरांनी महिन्यातून एकदा बसावे आणि प्रत्येकाने आपली बिघडलेली केस मांडावी; बरी झालेली केस मांडण्याला बंदी असावी. काससुजीत तिसरे अँटिबायोटिक बदलण्याआधी दुधाचा नमुना तपासणीला पाठवावा आणि अहवाल त्या बैठकीत वाचावा. महूचे पशुवैद्यकीय महाविद्यालय १९५५ पासून आपल्या उशाशी आहे, पण पदवी घेतल्यावर तिथे पुन्हा पाऊल टाकणारे फार थोडे.

हे सगळे सक्तीचे करावे, असेही काही जण म्हणतात. ब्रिटनमध्ये पशुवैद्यकाला वर्षाला ३५ तासांचे शिक्षण दाखवावे लागते. आपल्याकडे १९८४ च्या पशुवैद्यक परिषद कायद्याखालच्या नोंदणीचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण होते, त्याला अशा तासांची जोड द्यायला माझी हरकत नाही. मात्र वेबिनार म्यूट करून गाय विणवायला गेलेल्या डॉक्टरलाही शेवटी प्रमाणपत्र मिळते, हे मी पाहिलेले आहे.

कंपन्यांचे सगळेच कार्यक्रम टाकाऊ असतात असे मात्र समजू नका. सोनोग्राफी, भूल, शस्त्रक्रिया यांची प्रत्यक्ष हातांनी करायची कार्यशाळा कोणीही भरवली तरी जावे, फक्त संध्याकाळी औषधाची यादी वाटली जाईल तेव्हा दुसऱ्या दिवशी घरी बसून ती तपासावी. आणि तुमच्या गावात सरांसारखे कोणी असतील तर त्यांच्याबरोबर रात्रीच्या केसला जरूर जा, पीळ सोडवायला पुस्तकातून कोणी शिकत नाही. पिशवीतल्या बाटल्या मात्र आपल्या आपण निवडा.