अंगात आलं, झपाटलं की पछाडलं?

प्रश्न असाय की घरी 'द एक्झॉर्सिस्ट' हा भुताचा इंग्रजी पिक्चर बघताना आई म्हणाली "पोरीच्या अंगात आलंय", तर मुलगा म्हणाला अंगात देवी येते, भूत झपाटतं. बरोबर कोण? आणि एक्झॉर्सिस्टला, म्हणजे भूत काढणाऱ्याला, मांत्रिक म्हटलं तर चालेल का?

माझं मत मुलाच्या बाजूनं, पण आईला चूक म्हणायची माझी हिंमत नाही कारण बोलताना आपण भुतालाही सर्रास 'अंगात आलं' म्हणतोच. फरक काय तर अंगात येणाऱ्याला आपण बोलावलेलं असतं, संबळ वाजतो, धूप घालतात, बाई घुमायला लागते, लोक पाया पडतात आणि प्रश्न विचारतात. म्हणजे येणाऱ्याला मान आहे. झपाटणाऱ्याला कोणी बोलावत नाही, झपाटा म्हणजेच झडप, घार कोंबडीच्या पिल्लावर घालते तशी. पिक्चरमधली रेगन बारा वर्षांची पोर, तळघरात विजा बोर्डशी (आत्म्यांशी बोलायचा अक्षरांचा पाट) खेळते, 'कॅप्टन हाउडी' नावाच्या कुणाशी तरी बोलते म्हणते, तिला बिचारीला काय माहीत कोण ते. तेव्हा झपाटलं. किंवा आमच्या आजीच्या भाषेत 'बाहेरचं लागलं', आता हे बाहेरचं घरातल्याच तळघरातून आलं ते सोडा.

पण मला विचाराल तर तिथे सगळ्यात चपखल शब्द पछाडणे. मूळ अर्थ आपटणं, लोळवणं. तो सीन आठवा, पोरगी पलंगावर कंबरेतून उचलली जाते आणि दाणकन आपटते, परत उचलली, परत आपटली, आई हवालदिल आणि डॉक्टरांनाही काही सुचत नाही. हे शब्दशः पछाडणं आहे!

गंमत म्हणजे झपाटणे हा शब्द नंतर सुधारला, 'झपाटून अभ्यास केला', 'ध्येयानं झपाटलेला माणूस' हे आता कौतुक झालंय. पछाडणे मात्र बहुतेक होता तिथेच राहिला, संशयानं पछाडलं, आजारानं पछाडलं, अभ्यासानं पछाडल्याचं मी तरी कुणाकडून ऐकलेलं नाही.

आता मांत्रिक. चालेल, पण मांत्रिक भूत काढतो तसं घालतोही, मूठ मारणारा पण तोच. नुसता काढणारा हवा असेल तर जुना शब्द आहे पंचाक्षरी, आज कोणी वापरत नाही, वाईट वाटतं. देवऋषी गावाकडे अजून ऐकू येतो. एक्झॉर्सिझमच्या मुळाशी ग्रीक 'होर्कोस' म्हणजे शपथ आहे, म्हणजे भुताला शपथ घालून बांधायचं, आणि आपल्याकडे सुद्धा भुताला देवाची आण घालतातच की. पिक्चरमध्ये दोन पाद्री ख्रिस्ताच्या नावानं तेच तेच वाक्य ओरडत राहतात ती आणच आहे. अर्थात त्या दोघांतल्या फादर कॅरसला पंचाक्षरी म्हणवत नाही, तो शिकलेला सायकियाट्रिस्ट, त्याचा स्वतःचाच विश्वास डळमळलेला, तीर्थ सांगून साधं नळाचं पाणी पोरीवर शिंपडतो, पोरगी भाजल्यासारखी तडफडते आणि हा आणखीनच गोंधळात पडतो. म्हातारा फादर मेरिन तेवढा खरा पंचाक्षरी.

पिक्चर ज्यावरून काढला ती विल्यम पीटर ब्लॅटीची कादंबरी १९७१ची, पिक्चर १९७३चा, पटकथाही त्यानंच लिहिली आणि तिला ऑस्कर मिळालं.

हां, शेवट बघितला नसेल तर पुढचं वाचू नका. शेवटी कॅरस सैतानाला म्हणतो पोरीला सोड, माझ्यात ये. आणि तो येतो. हे झपाटणं नाही, पछाडणंही नाही, कारण यानं स्वतः बोलावलंय, पण अंगात आलं म्हणावं तर मान कुणाचा? यासाठी आपल्याकडे साधा रोजचा शब्द आहे, दुसऱ्याचं कर्ज, भांडण, आळ असं काही ओढवून घेतलं की आपण जे म्हणतो तेच. त्यानं ते अंगावर घेतलं.